न फोडलेली सुपारी

मुंबईच्या डॉक्टरांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. माझा भाचा संभाजी गेल्यावर ते आलं होतं. ऊन लागलं की त्याच्या कातडीवर डाग उठत; पुढे त्याचाच कॅन्सर झाला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, उन्हाने डीएनए बिघडला की शरीरातली एन्झाइम्स तेवढा तुकडा कापून काढतात आणि जागा नव्याने भरतात. संभाजीचं कापणारं एन्झाइमच सदोष होतं, कारण ते बनवणारा बिघडलेला जीन त्याला आई आणि वडील दोघांकडून मिळाला. एकाकडूनच मिळाला तर माणूस धडधाकट राहतो, पण मुलांना तो देऊ शकतो. म्हणून संभाजीच्या भावाचं आणि मामाचं रक्त हवं होतं.

मामा म्हणजे मी.

संभाजीची आई विजया माझी धाकटी बहीण. आम्हा मराठ्यांत भावाची लेक बहिणीची सून होते. ग्वाल्हेरात तर आपली घरंही मोजकीच. विजयाचं लग्न आतेभावाशीच झालं. माझी लेक लीला तिच्या धाकट्या मुलाला, जयसिंहला द्यायची, हे कधीचंच ठरलेलं.

छत्तीसगड वेगळं झालं आणि जयसिंहची सरकारी नोकरी रायपूरच्या वाट्याला गेली. रुजू होण्याआधी लग्न उरकायचं, म्हणून विजया त्याला घेऊन गावातल्याच हजीऱ्याहून आमच्याकडे जयेंद्रगंजात सुपारी फोडायला आली.

ताट मांडलं गेलं. माझा सगळा जन्म लायब्ररीच्या नोकरीत गेला, चारचौघांत बोलणं जमत नाही; शिवाय पत्र आपल्याला नीट कळलंय का, हीही शंका. तरी म्हटलं, आधी रक्त तपासू. का, तेही सांगितलं.

विजयाचा हात सुपारीवरच थांबला. "म्हणजे माझ्या पोराला मीच मारलं, दादा?"

"तुझ्यात आहे ते माझ्यातही असेल. लीलातही."

"पुस्तकं वाचून पोरीचं लग्न मोडणारा बाप आजच पाहिला."

लीला मान खाली घालून बसली होती. जयसिंहने विचारलं, दोघांत निघालं तर? प्रत्येक मुलाला धोका, चारात एक, मी म्हणालो. लहानपणी भावाच्या खिडक्यांना काळे कागद जयसिंहच चिकटवायचा.

"मामा, चिट्ठी में मेरा नाम भी लिख दो," तो म्हणाला.

"माझं पण, बाबा," लीला म्हणाली. "निकाल येईपर्यंत थांबू."

विजयाने सुपारी न फोडताच पदराच्या टोकाला बांधली. "पोस्ट किती वाजता बंद होतं?" तिने विचारलं.

मी तिथेच ताटाशेजारी बसून उत्तर लिहिलं: तिघं रक्त द्यायला येतो. विजया पोस्टापर्यंत माझ्याबरोबर आली. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.