पाचगणीची ऊब, सांगलीचा गारवा

मित्रांनो, मी एक जुना रेडिएटर आहे. पण गाडीच्या तोंडाशी जाळीमागे दिमाखात बसतो, तो मोठा रेडिएटर मी नव्हे. तो माझा थोरला भाऊ. मी आपला वहीएवढा, गाडीच्या आतल्या बाजूला अंधारात बसणारा. इंजिनातलं तापलेलं पाणी माझ्या तांब्याच्या नळ्यांतून फिरायचं, मागून पंखा वारा घालायचा आणि गाडीत ऊब पसरायची. लोक मला हीटर म्हणत. माझं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, पण थंडी पडली की पहिली आठवण माझीच निघायची.

माझी उमेदीची वर्षं पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या गाडीत गेली. गाडी भाऊसो चालवायचे. धुक्यातून घाट चढताना मुलांचे दात वाजू लागले की भाऊसो माझं बटण फिरवत. घर सोडून पहिल्यांदाच शाळेत निघालेली एखादी मुलगी मुसमुसत असली, तर ते तिला पुढे बोलावून म्हणत, "हितं हात धर, बाळ. चुलीम्होरं बसल्यावानी वाटतंय का न्हाई?" ती हात धरायची आणि हळूहळू तिचं रडं थांबायचं. खरं सांगतो, त्या दिवसांत मी फार मिरवलो. ऊब द्यायला आपल्यासारखा दुसरा कुणी नाही, असं मला वाटायचं.

मग शाळेला नवी गाडी आली आणि माझी गाडी कोरेगावच्या एका बागायतदाराकडे गेली. तिथल्या उन्हात हीटर कुणाला हवा? नव्या मालकांनी माझे पाइप काढले आणि माझी दोन्ही तोंडं बांधून टाकली. गरज सरो, वैद्य मरो! गाडी जाईल तिकडे मीही जायचो, पण बिनकामाच्या पाहुण्यासारखा. शेवटी गाडीही थकली. कडेगावच्या नानासोंच्या भंगार दुकानात तिचे भाग सुटे झाले आणि मी पत्र्यांच्या ढिगात जाऊन पडलो. माझ्या जाळीत कोळ्यांनी संसार थाटले. आता आपल्याला वितळवणार, हे मला ठाऊक होतं आणि त्याची मला भीती वाटायची.

अशात एके सकाळी सांगलीजवळच्या एका गावाहून ब्राह्मी नावाची मुलगी आपल्या वडिलांबरोबर मोटारसायकलवर तिथे आली. तिच्या वडिलांचं नाव आदगोंडा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ब्राह्मीनं ढीग उपसला, मला बाहेर काढलं आणि किल्लीनं माझ्या अंगावर एक ओरखडा काढला. आत लालसर चमक दिसली.

"आप्पा, घावला! तांबं हाय!"

"अगं, पर ह्यो गाडीत ऊब कराय लावत्यात. तुला तर गारवा पायजे न्हवं?"

"ह्यो नुसता पाण्यातली उष्णता हवेत सोडतोय, आप्पा. गाडीत सोडली की ऊब. खिडकीबाहेर सोडली की आपला कॉम्प्युटर गार. काम एकच."

मित्रांनो, माझं उभं आयुष्य त्या पोरीनं एका दमात सांगितलं! इतकी वर्षं मी स्वतःला ऊब देणारा समजत होतो, आणि मीच गारवाही देऊ शकतो हे मला भंगारात कळलं.

त्याचं असं झालं होतं. ब्राह्मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी लहान मुलांकरता चित्रं बनवायची, पडद्यावर हलणारी, बोलणारी चित्रं. त्या कामात तिचा कॉम्प्युटर इतका तापायचा की उन्हाळ्यात भर दुपारी आपोआप बंद पडायचा. काम दोनदा लांबलं. 'पुढचं काम वेळेवर आलं नाही, तर पुण्याला येऊन ऑफिसात बसावं लागेल,' असं कंपनीनं बजावलं. तेव्हा ब्राह्मीनं ठरवलं की गाडीच्या इंजिनासारखा आपला कॉम्प्युटरही पाण्यानं गार ठेवायचा.

ती एकेक भाग निवडून घेत होती. कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर बसवायची पट्टी तिनं तांब्याची घेतली. दुकानात मिळणारे रेडिएटर मात्र ॲल्युमिनियमचे होते. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदली, की ॲल्युमिनियम हळूहळू झिजून जातं. म्हणून तिला माझ्यासारखा तांब्याचाच हवा होता.

घरी आल्यावर पाइपांचं खोकं उघडलं. पाइप काचेसारखे पारदर्शक, देखणे. सोबत एक छोटी बाटली होती. आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ह्ये काय?"

"उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं. ते मारायचं औषध."

आप्पांनी बाटली खाली ठेवली. ते घर जैनांचं. पाण्यातला जीव दुखावू नये म्हणून तिथे पाण्याचा थेंबही गाळल्याशिवाय वापरत नसत. ब्राह्मीनं आप्पांकडे पाहिलं, बाटली आणि पारदर्शक पाइप परत केले आणि काळे पाइप मागवले. उजेडच नाही, तर शेवाळ धरणार कुठून? पुढे तिनं मला खिडकीच्या बाहेर पंख्यासह बसवलं, आत बॅटरीत घालतात ते बिनक्षाराचं शुद्ध पाणी भरलं आणि यंत्र सुरू केलं. ऐन चैत्रातसुद्धा कॉम्प्युटर शांतपणे चालू लागला. मला पुन्हा काम मिळालं होतं आणि मी आनंदात होतो.

खिडकीतून मला त्या घरातलं सगळं दिसे. ब्राह्मीची आई वारल्यापासून घरात दोघंच. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आप्पांचा नेम. पण उसाला पाणी पाजण्यात गुंतले की त्यांना भान राहत नसे, आणि सूर्य बुडाला की मग घासही नाही, उपाशीच झोपायचे. म्हणून ब्राह्मी रोज हातातलं काम टाकून बांधावर जाई आणि त्यांना हाक मारून घेऊन येई. ती पुण्याला गेली तर हाक कोण मारणार? दोघांच्याही मनाला हा घोर होता, पण दोघंही त्याविषयी अवाक्षर काढत नसत.

आप्पांना वाटे, आपणही पोरीच्या कामाला हातभार लावावा. माझ्या जुन्या तोंडाशी थोडं पाणी पाझरायचं. पाइप काळे, त्यामुळे आत पाणी किती ते दिसायचं नाही. आप्पा रोज सकाळी ब्राह्मी उठायच्या आत यंत्राच्या पाण्याच्या छोट्या टाकीचं झाकण उघडायचे, आणि पांढऱ्या फडक्यातून गाळून उकळलेलं बोअरचं पाणी मायेनं आत ओतायचे. पिण्याला ते पाणी उत्तम. पण आमच्या भागातलं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. फडक्यानं जीव वाचतात, मित्रांनो, क्षार मात्र सहज आरपार जातात. माझ्या नळ्यांत पांढरी खपली धरू लागली. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

काम पाठवायचं त्याच दिवशी, दुपारी, कॉम्प्युटर बंद पडला. ब्राह्मीनं घाईघाईनं तांब्याची पट्टी खोलली. आत चुन्यासारखा थर!

"आप्पा, ह्यात पाणी कुणी घातलं?"

"मीच की. रोज घालतोय. चांगलं गाळून, उकळून." आप्पांचा चेहरा उतरला. "लय वंगाळ झालं का गं?"

ब्राह्मीचे डोळे भरून आले. रागवावं तरी कसं? "मला इचारायचं तरी, आप्पा," एवढंच ती म्हणाली. मग दोघं कामाला लागली. तिनं जुन्या ब्रशानं पट्टी घासली, आप्पांनी लिंबं पिळून रस गाळून दिला आणि तो माझ्यातून फिरवला. अंगाला झोंबला, पण खपली सुटली. मग बॅटरीच्या पाण्यानं दोनदा खळखळून धुतलं, पाझरणारं तोंड नीट आवळलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. उन्हं कलली तरी दोघं पडद्यासमोरून हलली नाहीत. काम वेळेत गेलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. काम त्यांना पसंत पडलं होतं. आता घरूनच काम करा किंवा पुण्याला या, तुमची मर्जी, असं ते म्हणाले. आप्पा शेजारीच बसून ऐकत होते.

"जा बाळ," ते म्हणाले. "माज्यापायी हितं अडकू नगं."

"आप्पा, पाणी घालताना मला इचारलं न्हाईसा. आता ह्ये तरी इचारा की."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुला जायाचं हाय का?"

"न्हाई."

"मग ऱ्हा," आप्पा म्हणाले. "मला बी तू जावंसं वाटत न्हवतं."

बाप आणि लेक दोघंही रडत होती आणि मी खिडकीबाहेर बसून ऊन वारा सोडत होतो. त्या घरात तोवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी ती आणखी कशाला उपयोगी पडेल, हे एकदा पाहा. तिला जपा, तिची निगा राखा. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला काय हवंय हे आधी त्यालाच विचारा. आम्हा यंत्रांना बोलता येत नाही, म्हणून आमच्या मालकाला विचारा. माणसांना तर बोलता येतं.