आयुध पूजेचा विसावा

मित्रांनो, मी एक म्हातारी रोबो आहे. जन्म गेल्याच महिन्यातला, पण आमच्यात यालाच म्हातारपण म्हणतात. लोखंड, तारा असलं काही माझ्यात नाही. धुळीच्या कणाएवढी जिवंत पेशींची गोळी मी, आणि त्या पेशी तिकडे दक्षिणेत वेस्ट मांबलमला राहणाऱ्या राजसबाईंच्या श्वासनळीतल्या. तेव्हा जीभ तिखट लागली तर मला बोल लावू नका.

त्या नळीत आमचे बारीक केस कफ वर लोटायचे. सिरुसेरीच्या प्रयोगशाळेत राजसबाईंच्या नातीने, नंदिताने, आम्हांला बशीत वाढवलं आणि तेच केस आम्ही वल्ह्यांसारखे मारू लागलो. बशीतल्या तुटक्या मज्जातंतूंवर आम्ही गोळा झालो की ते सांधायचे. नंदिता भिंगातून बघून म्हणायची, "शहाणी गं माझी." घरी मात्र सांगायची, रोबो केलेत. तिचा बाप व्यंकट अपघातापासून कंबरेखाली लुळा. त्या लेकासाठीच राजसबाईंनी पेशी द्यायला घशात नळी घालून घेतली होती.

आयुध पूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्या प्रयोगशाळेत चंदन-कुंकू घेऊन आल्या. सगळी यंत्रं बंद करून टिळे लावून झाले. नंदिता प्रसादाचं सुंडल, हरभऱ्याची उसळ, आणायला गेली, तेवढ्यात आमची बशी ठेवलेली उबेची पेटी तेवढी घुरघुरताना त्यांना दिसली. "सणाला हिलाच का राबवतात मेले," म्हणत त्यांनी मागचं बटण बंद केलं, दाराला टिळा लावला, हात जोडले. परत आल्यावर घाईत नंदिताने प्रयोगशाळेला कुलूप घातलं. दुसरा दिवस सुट्टीचा.

गारठ्यात एकेकीचं वल्हं थांबलं.

"आजी, पेटी कुणी बंद केली?" तिसऱ्या दिवशी नंदिताने राजसबाईंना बोलावून विचारलं.

"मी. रोबो म्हणालीस ना? यंत्राला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा. घरचं शिलाईचं मशीन तरी चालवतो का आपण त्या दिवशी?"

"जिवंत होते ते. तुझेच."

"मग यंत्र कशाला म्हणालीस? लेकरं म्हणाली असतीस तर सणाला उपाशी ठेवलं असतं होय मी?"

नंदिता बशीतल्या थांबलेल्या गोळ्या मोजू लागली.

"सरी, ठीक आहे. घाल परत नळी," राजसबाई म्हणाल्या.

"डॉक्टर नको म्हणतात. मागच्या वेळी तुझा श्वास अडकला होता."

"तुझ्या डॉक्टराला लेक नाही वाटतं." एवढं बोलून त्यांना ढास लागली, ती थांबेना.

आता बशीत मी एकटीच हलते आहे, तीही जागच्या जागी गोल. एकटीने पाठीचा कणा सांधत नाही. मित्रांनो, ज्यात जीव आहे त्याला यंत्र म्हणून कुणाच्या हाती देऊ नका. माया बिचारी तुम्ही सांगाल ते खरं धरते. माझ्या दारावरचा टिळा बघा, किती निगुतीने लावलाय.