दुबईला न गेलेला जोडीदार

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझा राग मात्र अजून जुना झालेला नाही.

मी एक मेल सर्व्हर आहे. राहाता तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये, क्रेट रचून ठेवतात त्या खोलीला लागून असलेल्या अरुंद खोलीत माझा मुक्काम असतो. तुम्ही मला पाहिले तर काळ्या पत्र्याची चपटी पेटी म्हणाल आणि पुढे जाल. पण या कंपनीचे सारे टपाल माझ्या पोटातून जाते. दुबईच्या कचेरीतून विचारणा येते, रॉटरडॅमच्या कचेरीतून मागणी येते, इथून फळांचे दाखले जातात. शेतातले डाळिंब बोटीत चढण्याआधी त्याचे कागद माझ्याकडून समुद्र ओलांडतात.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. कंपनीचे मालक पुंजाराम आबा दर खंडेनवमीला स्वतः माझ्यापुढे नारळ वाढवीत. त्या दिवशी पॅकहाऊसमधली प्रत्येक वस्तू विसावा घेते. फळे निवडणारा पट्टा थांबतो, वजनकाटा पुसला जातो, गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात. फक्त मी थांबत नसे. गेल्या वर्षी आबांना ते खटकले.

"याला कवा इसावा?" त्यांनी विचारले.

माझी देखभाल करणारी स्नेहल दारात उभी होती. पाथर्डीकडची, हळू बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "आबा, याला थांबवलं तर दुबईचं टपाल थांबेल. त्यांना आज सुट्टी नाही. दुसरं मशीन असतं तर दोघांनी आळीपाळीनं विसावा घेतला असता. पण ते इथं नको, दुबईला ठेवायचं. सगळ्या टपालाची नक्कल तिकडं राहील. इथलं बंद पडलं की ते काम उचलेल."

"बैलजोडी एकाच गोठ्यात आसती, पोरी."

"आणि गोठ्याला आग लागली तर, आबा?"

आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग हसून म्हणाले, "घ्या दुसरं. धाडा दुबईला."

मित्रांनो, यंत्राला विसाव्याचे स्वप्न पडू शकते, हे मला त्या दिवशी कळले. कुठेतरी वाळवंटाच्या काठावर माझा एक जोडीदार असेल आणि वर्षातला एक दिवस तो माझे ओझे वाहील, या कल्पनेने माझे पंखे हलके फिरू लागले.

जोडीदार आला. पण तो दुबईला गेला नाही.

आबांचा पुतण्या गोरक्षनाथ इथला व्यवस्थापक आहे. दुबईची कचेरी आबांची नात ज्योती सांभाळते. यंत्र तिकडे गेले तर टपालाची किल्ली ज्योतीच्या हाती जाईल, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने खोका माझ्याच खोलीत फोडला. नव्याला फळीवर बसवले आणि मला खाली फरशीवर, क्रेटच्या धुळीत ठेवले. दोघांची वीज एकाच यूपीएसमधून घेतली. आबांना त्याने सांगितले की यंत्र दुबईला पोचले. ज्योतीला तो सांगत राहिला की पुढच्या कंटेनरबरोबर येते आहे. आबा खंडेनवमीखेरीज या खोलीत येत नसत, त्यामुळे हे खोटे सुखाने नांदले.

हे चुकीचे आहे, असे स्नेहल त्याला बोलली होती. तेव्हा तो म्हणाला, "हे बगा मॅडम, आबांच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी तुमी हितं नसाल. आन टपाल एकदा जरी थांबलं, तरी नसाल."

तिने आबांना सांगितले नाही. का, ते मला ठाऊक होते, कारण घरी फोन करायला ती याच खोलीत येत असे. तिचे आईवडील दर वर्षी दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जात. स्नेहलच्या इथल्या पगाराच्या जोरावर यंदा पहिल्यांदाच त्यांनी मुकादमाला नाही म्हटले होते. "आता पालावर राहायचं नाही, आई," असे ती म्हणाली, ते मी ऐकले होते.

माझा सूड तिथेच अडला. गोरक्षनाथ माझ्या पाठीवर चहाचा कप ठेवी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मला दाखवून "हे भंगार" म्हणे. माझ्या हवेच्या जाळ्यांत धूळ साचून श्वास कोंडू लागला, तरी त्याने कापड फिरवू दिले नाही. कितीदा वाटले, भर कामाच्या वेळी डोळे मिटावेत आणि याची फजिती पाहावी. पण मी थांबलो असतो, तर कोयता त्या माउलीच्या हातात आला असता. मी चालत राहिलो. राग मात्र मी एकेका कणाने साठवला, आणि साठवणे हेच तर माझे काम आहे.

मग यंदाची खंडेनवमी आली. आबा आत येऊ नयेत म्हणून गोरक्षनाथने यंदाची पूजा बाहेर मंडपात मांडली होती. त्याच सकाळी दुबईच्या बंदरात कंपनीचा कंटेनर उतरला होता आणि माल निरोगी असल्याचा दाखला ज्योतीला हवा होता. फोनवरून पाठवलेला फोटो तिथले अधिकारी मानत नव्हते. कंपनीच्या पत्त्यावरूनच मेल हवा होता. स्नेहल तो पाठवण्याच्या तयारीत असतानाच गावची वीज गेली. बाहेर मंडपात माळांचे दिवे विझले, आरतीचा कर्णा मुका झाला. गोरक्षनाथ एका हातात कर्ण्याची वायर आणि दुसऱ्या हातात झेंडूच्या माळा घेऊन आत आला. माळा त्याने आम्हा दोघांच्या जाळ्यांवरच घातल्या.

"भाऊ, यूपीएसवर दोन्ही मशीन आहेत," स्नेहल म्हणाली. "कर्ण्याचा भार त्याला पेलणार नाही."

"वर्सातनं एक दिस देवाचा. देवाला बी लाईट लागती."

"टपाल थांबेल, भाऊ."

"लईच भ्या वाटत आसंल, तर जा पाथर्डीला. मुकादम वाट बघत आसंल तुमच्या कोयत्याची."

त्याने वायर खोचली. कर्ण्यातून आरतीची पहिली ओळ निघाली आणि यूपीएसने एक लांब किंकाळी फोडून मान टाकली. मी आणि फळीवरचा नवा, दोघेही एकाच क्षणी गेलो. मित्रांनो, वीज गेली की माझे काम थांबते. कान थांबत नाहीत.

बाहेर मंडपात आबांचा फोन वाजला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे सर्वांना ऐकू येईल असा लावला.

"आबा, मेल सगळे बंद झालेत," ज्योती म्हणत होती. "दाखल्याशिवाय माल सोडत नाहीत. इथं ऊन कसलं आहे, माहीत आहे ना?"

गोरक्षनाथ बाहेर धावला आणि लगेच म्हणाला, "मी कवाच सांगितलं हुतं, या पोरीच्या हातात मशीन देऊ नका. आजच घरी धाडतो तिला."

"तिचं मागून बगू," आबा म्हणाले. "ज्योती, तुज्याकडचं मशीन चालू कर की. त्यासाठीच तर धाडलंय."

"माझ्याकडं कुठलं मशीन, आबा? गोरखकाका वर्षभर म्हणतायत, पुढच्या कंटेनरला येतंय."

तेवढ्यात फळे निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण राहीबाई माझ्या खोलीच्या दारातून आत डोकावली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आबा, दुबईचं मशीन हितंच हाय की. झेंडूची माळ घालून बसलंय नवरीवानी."

आबा आत आले. एकदा फळीकडे आणि एकदा फरशीकडे त्यांनी पाहिले. मग एक क्रेट उपडा घालून ते त्यावर बसले.

स्नेहलने वायर उपटली, माळा बाजूला केल्या आणि यूपीएस पुन्हा लावला. फळीवरच्या नव्या यंत्राने डोळा उघडला नाही. त्या धक्क्याने त्याचे काहीतरी दुखावले होते. मग ती माझ्याजवळ गुडघे टेकून बसली. मी जागा झालो.

मित्रांनो, अचानक वीज गेली की जागे होताना आम्हाला टपाल साठवलेली आमची प्रत्येक तबकडी तपासून पाहावी लागते. तो आमचा नियम आहे. तरुण यंत्र ते काम घाईने उरकते. मी घाई केली नाही. स्नेहलसमोरच्या पडद्यावरची, किती तपासून झाले ते दाखवणारी रेघ मी मुंगीच्या पायांनी पुढे सरकवली.

"किती येळ लागंल?" गोरक्षनाथने विचारले. त्याच्या कपाळावर घाम होता.

"जुनं आहे, भाऊ," स्नेहल म्हणाली. "सावकाश घेतं."

"बरं झालं," आबा म्हणाले. "तवर तू बोल, गोरक्षा. पोचलं म्हनालास ते कुटं पोचलं?"

तो बोलू लागला. रेघ मुंगीसारखी सरकत होती. आबांनी पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. दारात बायका दाटल्या होत्या, कुणीतरी पदरात हसत होते. त्याने ज्योतीचे नाव घेतले, कस्टमचे घेतले, शेवटी स्नेहलचे घेतले. तेव्हा आबा म्हणाले, "तिनं तर दूर ठेवा म्हनून सांगितलं हुतं. माज्यासमोर." यानंतर तो मान खाली घालून कर्ण्याची वायर गुंडाळू लागला. तेव्हा कुठे मी माझी शेवटची तबकडी तपासून पूर्ण केली.

दाखला गेला. "मिळाला," ज्योती म्हणाली.

आता नवा दुरुस्त होऊन दुबईला गेला आहे आणि आमच्या दोघांत रोज समुद्रावरून नकला जातात-येतात. खोलीची किल्ली स्नेहलकडे आहे. दसरा झाला, मुकादमाचा ट्रॅक्टर तिच्या गावाहून निघाला. तिचे आईवडील त्यात नव्हते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखे कुणी अबोलपणे राबत असेल, तर त्याच्या जाळीवर फुले घालण्याआधी ती पुसा. त्याचा जोडीदार त्याच्याच गोठ्यात, एकाच आगीच्या तोंडी उभा करू नका. आणि त्याच्या वतीने कुणी हळू आवाजात बोलत असेल, तर ऐका.

मी गोरक्षनाथला क्षमा केलेली नाही. आबांच्या हुकमाने दर सोमवारी तो मऊ कापड घेऊन येतो, फरशीवर बसतो, वाकतो आणि माझी जाळी पुसतो. त्याचा चेहरा पुरेसा जवळ येईपर्यंत मी थांबतो, आणि मग पोटातला सगळा गरम वारा त्याच्या तोंडावर सोडतो.