शून्यावर न परतलेला ताणकाटा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. हल्लीचा प्लास्टिकचा नव्हे. लोखंडी पट्टीचा, पितळी काट्याचा, जाडजूड स्प्रिंगचा. माझ्यावर शंभर न्यूटनपर्यंत रेघा आहेत, म्हणजे बाजारच्या भाषेत साधारण दहा किलो. फरगाण्याच्या खोऱ्यातल्या एका गावात, शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या खोलीत, कपाटाशेजारच्या खिळ्यावर माझे आयुष्य गेले.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगारिणीने मला वजन लावले, काढले आणि काटा शून्यावर आलेला पाहूनच शिक्का मारला. शून्यावर परत येणे हीच आम्हा ताणकाट्यांची अब्रू असते. कितीही ओढा, सोडले की आपल्या जागी. मला याचा फार गर्व होता.

शाळेत मी नोर्मुरोद मुअल्लिमांच्या हाती पडलो. मुअल्लिम म्हणजे मास्तर. सडपातळ, घाबरट, पण शिकवायला लागले की वेगळाच माणूस. सप्टेंबरात ते गतीपासून सुरुवात करत. गती झाली, बल आले, मला खिळ्यावरून उतरवून पोरांच्या हाती देत आणि म्हणत, "ओढा, पण सांभाळून. याच्या पोटात न्यूटन बसलाय." तेवढ्यात कापूस फुटे. मग शाळेसमोर मालमोटारी येऊन उभ्या राहत, मोठ्या वर्गांतली पोरे त्यांत चढत आणि फळ्यावर अर्धे वाक्य तसेच राही. पोरे परतत तेव्हा पहिला बर्फ पडलेला असे आणि त्यांची बोटे बोंडांच्या टोकांनी फाटलेली असत. खरे सांगायचे तर त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवले जातच नसे, त्याची नुसती उजळणी होई.

ज्या शरद ऋतूने माझा घात केला, त्या वर्षी ओयदिन नावाची मुलगी शेवटच्या वर्गात होती. तिला ताश्कंदला जाऊन वीज-इंजिनियर व्हायचे होते. गावची सामुदायिक शेती दरवर्षी एकाच मुलाची शिफारस करून त्याला पाठवी, आणि त्याला पदार्थविज्ञानात पाचपैकी पाच लागत. पाच मिळाले नाहीत तर खोलबोय मुकादमाची कापसाची टोळी होतीच. ओयदिनची आई जन्मभर त्याच टोळीत होती. तिला आता सुईत दोरा ओवता येत नसे.

ऐन हंगामात टोळीचा तराजू मोडला. खोलबोय सरळ शाळेत आला. गावात सगळे त्याला अका, म्हणजे दादा, म्हणत.

"मुअल्लिम, तुमच्या भिंतीवर काटा नुसता लोंबतोय. द्या इकडे."

"खोलबोय-अका, तो दहा किलोंचा आहे. पोती तोलायचा नव्हे."

"मग मी जिल्ह्याला काय कळवू? मुअल्लिमांमुळे कापूस अडला म्हणून?"

मुअल्लिमांनी मला खिळ्यावरून उतरवले. आणि त्याच्या हाती दिले.

शेतात मला खांबाला टांगले. रांगेत पहिली ओयदिनच होती. तिचे पोते पहाटेच्या दवाने चिंब, दगडासारखे. खोलबोयने ते माझ्या आकड्याला अडकवले आणि काटा शेवटच्या रेघेच्याही खाली गेला.

"अका, काढा ते, स्प्रिंग ताणली जातेय," ओयदिन म्हणाली. "याला सोसायची हद्द असते. ती ओलांडली की हा परत यायचा नाही."

"हद्द कापसाला नाही, तर काट्याला कुठली?" खोलबोय हसला. "अगं, बोलत बसलीस तेवढ्यात दोन बोंडं वेचली असतीस."

पोते उतरवले. मी सगळा जीव एकवटून वर गेलो, आणि पंधराच्या रेघेवर अडकलो. शून्य वर राहिले. मित्रांनो, त्या क्षणी मला मरण आले असते तर बरे झाले असते.

हिवाळ्यात मी पुन्हा खिळ्यावर आलो. मुअल्लिम माझ्याकडे पाहायचे टाळत.

मे महिना उजाडला. तुतीच्या झाडांखाली जांभळा सडा पडला आणि पोरांच्या तोंडचे पाणी पळाले. तिथली परीक्षा तोंडी असते. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडतात. तुम्ही एक उचलायची, तिच्यात जे असेल ते बोलायचे आणि एक प्रयोग करून दाखवायचा. गतीपासून अणूपर्यंत काहीही येऊ शकते. निम्म्या धड्यांची तर पोरांनी पानेही उलटली नव्हती. मुअल्लिम रोज दुपारी घसा बसेपर्यंत उजळणी घेत. एका दुपारी उष्णता संपवायची, दुसऱ्या दुपारी वीज, तिसऱ्या दुपारी प्रकाश. जडत्व मात्र पोरांना शिकवावे लागले नाही. मालमोटारीने ब्रेक लावला की आपण सगळे खोलबोय-अकाच्या अंगावर का पडतो, एवढे विचारले की झाले. ओयदिन घरी भाकरी थापताना नियम पुटपुटे आणि तंदूरात हात भाजून घेई. वर्गात एकदा ती मध्येच रडायला लागली.

"मुअल्लिम, डोक्यात एक घातलं की दुसरं बाहेर पडतंय. मी मरेन, पण टोळीत जाणार नाही."

"मरायला सवड आहे का? अणुकेंद्र अजून राहिलंय," मुअल्लिम म्हणाले. मग आवाज खाली आणून सगळ्यांना बजावले, "घर्षणाचा प्रयोग आला तर या काट्यातून पंधरा वजा करा. पण परीक्षेच्या समितीसमोर त्यावर अवाक्षर काढू नका."

"नवा मागवा ना मग."

"मागवायचा तर जुना कशानं बिघडला ते कळवावं लागतं. आणि कागदावर तुम्ही सगळे हंगामभर वर्गात बसला होतात, पोरी."

परीक्षेच्या दिवशी टेबलावर पांढरी चादर, फुले आणि हिरव्या चहाचे वाडगे होते. मध्ये जिल्ह्याहून आलेल्या तपासनीस बाई, एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला मुअल्लिम. ओयदिनने चिठ्ठी उचलली. अणुऊर्जा, आणि घर्षणाचा प्रयोग.

"साखळी अभिक्रिया समजावून सांग," बाई म्हणाल्या. "पाठ केलेलं नको."

ओयदिनने ओठांवरून जीभ फिरवली. "आमच्या मोहल्ल्यात एका बाईला बातमी कळली की ती दोघींना सांगते. त्या दोघी चौघींना. चहा गार व्हायच्या आत गाव पेटतं. तो बॉम्ब. पण मध्ये काही सासवा बसवल्या, ज्या ऐकतात आणि पुढं सांगत नाहीत, तर बातमी बेतानं फिरते. ती अणुभट्टी. युरेनियमचं केंद्रक फुटलं की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते पुढची केंद्रकं फोडतात. शोषक कांड्या त्यातले जास्तीचे गिळतात."

बाई हसल्या, मुख्याध्यापकही हसले. माझ्या स्प्रिंगेत पुन्हा आशा आली.

मग प्रयोग. तिने मला लाकडी खोक्याला जोडले आणि सावकाश ओढले. मी चाळीस दाखवले. तिने पंचवीस लिहिले.

"हे कसं?" बाई पुढे वाकल्या.

"काटा मुळात पंधरावर आहे. ते वजा केलं."

बाईंनी मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले. "बरोबर केलंस. स्प्रिंग हद्दीबाहेर ताणली गेलीय. पण मुख्याध्यापक, तुम्ही तर सगळी उपकरणं धड असल्याचं कळवलंत. हे कुणी केलं?"

मुख्याध्यापक मुअल्लिमांकडे पाहू लागले. मुअल्लिम चहाच्या वाडग्यात पाहू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना तीन लहान मुले होती, हे ओयदिनला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते.

"मी," ओयदिन म्हणाली. "माझ्याच ओझ्यानं झालं ते."

"वर्गात?"

ओयदिनने एकदा मुअल्लिमांकडे पाहिले.

"हो."

बाईंनी उसासा टाकला. "उत्तरं पाचाची आहेत. पण शाळेच्या वस्तूची नासधूस मला सोडून देता येत नाही. चार."

ओयदिनने मला टेबलावर ठेवले. इतके हळू ठेवले, की जणू मीच आजारी होतो. ती बाहेर गेली, आणि मुअल्लिमांनी पुढच्या मुलाचे नाव पुकारले.

सप्टेंबरात गती सुरू झाली आणि पुन्हा मालमोटारी आल्या. खोलबोय दारात उभा राहिला.

"मुअल्लिम, काटा."

"नाही," मुअल्लिम म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "गेल्या वर्षी दिला, आणि एका पोरीचं ताश्कंद गेलं. ती माझ्याऐवजी बोलली."

"कोण पोरगी?"

"तुझ्याच टोळीत आहे ती."

खोलबोयने टोपी मागे सारून डोके खाजवले. "माझ्या टोळीत पोरी खूप आहेत हो," तो म्हणाला आणि दुसरा तराजू शोधायला निघून गेला.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे, मला कोणी ओढत नाही. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. एखाद्या वस्तूने किती सोसावे ते तिच्या अंगावर लिहिलेले असते, माणसाच्या अंगावर लिहिलेले नसते. म्हणून ओझे टाकण्याआधी विचारा. आणि तुमचे ओझे दुसरे कोणी मुकाट उचलताना दिसले तर तेव्हाच बोला, चार महिन्यांनी नव्हे. त्या दिवशी त्या खोलीत मला तोंड नव्हते. मुअल्लिमांना होते.