अबोलीचं दुसरं नाव

पंचफुलाबाईच्या नावातच पाच फुलं होती, पण लेकीच्या लग्नाला तिला एकही फूल पसंत पडेना. सकाळी जळकोटहून लातूरला आल्यापासून गंजगोलाईच्या बाजारातल्या फुलवाल्याच्या दुकानात ती स्टुलावर ठाण मांडून बसली होती आणि येईल त्या फुलाला नाक मुरडत होती. नवरी वर्षाराणी शेजारी उभी राहून दोन्ही बाजू सांभाळत होती. दुसरी बाजू म्हणजे होणारी नणंद पुनम. ती मोबाइलमध्ये बघून फुलांचे अर्थ सांगत होती.

"लिली म्हणजे पावित्र्य, काकू. ऑर्किड म्हणजे वैभव. जरबेरा म्हणजे आनंद."

"आनंद व्हायला जरबेरा कशाला लागतोय? पंगतीला बुंदी पुरली की झाला आनंद."

हारावरून तर दोघींची जुंपलीच. पुनमला निशिगंध हवा होता, पंचफुलाबाईला गुलछडी. फुलवाल्यानं एकच जुडी दोघींपुढे धरली. दोघी खूश झाल्या आणि आपलंच खरं झालं म्हणून एकमेकींकडे बघून हसल्या. एकाच फुलाची ही दोन नावं, हे सांगायच्या भानगडीत वर्षाराणी पडली नाही.

तिच्या मनात भलतंच होतं. "वेणीला मात्र मला अबोली पाहिजे, आई."

पंचफुलाबाई स्टुलावरून उठलीच. "येडी झालीस का? अबोली माळून बोहल्यावर चढायलीस, म्हणजे सासरी जाऊन अबोला धरायचाय का? लई अर्थ बघायलाव न्हवं सकाळपासून? मग ह्योबी अर्थ बघा!"

पुनमनं मोबाइलमध्ये शोधलं, पण अबोलीचा अर्थ तिथं काही सापडला नाही.

खरं सांगायचं तर अबोला आधीच घरात होता. वर्षाराणी बारावीपर्यंत उदगीरला मामाकडे शिकायला होती. मामी, गुरम्मा, बिदरकडची. रोज सकाळी ती अंगणातली अबोली तोडायची, भाचीच्या वेणीत माळायची आणि मगच तिला कॉलेजला सोडायची. पुढं मामीच्या मुलाचं लग्न झालं. आहेरात सगळ्या पाहुण्याबायांना जरीची लुगडी मिळाली आणि सख्ख्या नणंदेला, पंचफुलाबाईला, गडबडीत साधं सुती आलं. झालं! तेव्हापासून दोघींचं तोंड वाकडं. आता लग्नाला मामा एकटाच येणार होता. "वन्संनी सोत्ता बोलवलं तर येईन," असा मामीचा निरोप होता, आणि पंचफुलाबाई काही फोनला हात लावत नव्हती. मामीच्या हातची वेणी नाही, तर कसलं लग्न? असं वर्षाराणीला वाटायचं.

मग तिला गुलछडी आणि निशिगंध आठवले. अबोलीलाही दुसरं नाव होतंच की. मामी तिला कानडीत कनकांबर म्हणायची.

तिनं उदगीरला फोन लावला. "मामी, आईनं कनकांबर सांगितलंय. तुझ्याच अंगणातलं."

"अय्यो, वन्संनी सांगितलं? खरंच?"

"हाव," वर्षाराणी म्हणाली आणि देवाची मनातल्या मनात माफी मागितली. मग घरी सांगितलं, "आई, अबोली रद्द. उदगीरहून कनकांबर मागवलंय."

"बघ, नाव कसं भारदस्त हाय!" पंचफुलाबाईनं गल्लीभर सांगून टाकलं, आमच्या पोरीला कनकांबर येणार हाय म्हणून.

हळदीच्या दिवशी दारात जीप थांबली. मामाच्या मागून ओल्या फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन मामी उतरली. तिला बघून पंचफुलाबाईचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता आई पाठ फिरवते की काय? मामी आल्या जीपनं परत जाते की काय? दोघींशी खोटं बोलून आपणच नाही नाही ते करून बसलो, असं वर्षाराणीला वाटलं.

गल्लीभर मिरवलेलं कनकांबर एकदाचं बघावं म्हणून पंचफुलाबाई पुढे झाली आणि तिनं फडकं उचललं.

"अगं बया! ही तर अबोली हाय, वयनी!"

"बोललात की वन्सं," मामी म्हणाली. "आमच्यात हिला अबोली न्हाई म्हनत. कनक म्हंजे सोनं, अंबर म्हंजे वस्त्र. तुमचं एक चांगलं लुगडं माझ्याकडं ऱ्हायलं होतं न्हवं? घ्या, सोन्याचं आनलंय."

पंचफुलाबाईनं पदर डोळ्याला लावला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्यातलं आधी तुमच्या केसात माळा. मग मी घेते."

"आधी तुमी!"

"न्हाई, तुमी!"

टोपलीतली सगळ्यात लांब वेणी कुणी माळायची यावरून दोघी भांडायला लागल्या आणि मग त्यांची तोंडं काही थांबेनात. किती दिवसांचं साचलेलं होतं ते! पाटावर बसलेली नवरी केस मोकळे सोडून, डोळे पुसत, हसत, आपल्या वाट्याला एखादा गजरा तरी उरतोय का ते बघत राहिली.