जिन्याखालच्या फळ्यावरची सूचना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. कळव्यातल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून मी उभा असतो. माझ्या काळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. पण एक काळ असा होता, की ही सगळी इमारत सकाळी बाहेर पडताना आधी माझ्याकडे बघायची.

इमारत बांधून झाली, तेव्हा दारांच्या उरलेल्या फळ्या जोडून गुणाजी सुताराने मला घडवले. मला जिन्याच्या पायथ्याशी, फाटकासमोर टांगण्यात आले. तिथून मला जिना दिसायचा, फाटक दिसायचे आणि नाक्याकडे जाणाऱ्या गल्लीचा थोडासा तुकडा दिसायचा. तेवढेच माझे जग.

सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा हे निवृत्त शाळामास्तर. सुरुवातीला तेच माझ्यावर लिहायचे. पुढे त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी खडू दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तराच्या हाती दिला. उत्तरा ठाण्याच्या कॉलेजात बी.ए. करत होती. 'पाणी उद्या सकाळी सहाला येईल', 'रविवारी गच्ची धुवायची आहे' अशा साध्या सूचना ती लिहायची, पण अक्षर असे, की माणसे चपला घालता घालता थांबून म्हणायची, "काय वळण आहे पोरीच्या हाताला!" कौतुक तिचे व्हायचे, पण मीही मनातून फुलून जायचो.

आता मी ज्या दिवसांबद्दल सांगणार आहे, ते १९८७ सालचे आहेत. ते आठवले की आजही माझा जीव घाबराघुबरा होतो.

तिसऱ्या मजल्यावर सगुणा नावाची मुलगी राहायची. बारावी झाल्यावर ती नाक्यावर शिवणाच्या क्लासला जाऊ लागली होती. एका संध्याकाळी ती स्वतः शिवलेला पहिला पंजाबी ड्रेस घालून खाली आली. हळदीसारखा पिवळा रंग. उत्तरा तेव्हा माझ्यावरची जुनी सूचना पुसत होती. सगुणाने तिच्यासमोर एक गिरकी घेतली.

"उत्तराताई, कसा झालाय?"

"मस्त! पण बाह्या कुठे गेल्या गं?"

"अगं, कटपीस होता ना. कापडच पुरलं नाही!"

दोघी खळखळून हसल्या आणि सगुणा क्लासला गेली.

ती परत आली ती धावतच. एका पायात चप्पल नव्हती, कोपर सोलवटले होते. गल्लीतला दिवा बरेच दिवस बंद होता. त्या अंधारात एका माणसाने मागून येऊन तिचा दंड धरला आणि तिला भिंतीकडे ओढले. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि सुटून पळाली. हे सगळे तिने माझ्यासमोर, जिन्याचा कठडा धरून, तुटक तुटक सांगितले.

दारे उघडली. माणसे जिन्यात जमली. मला वाटले, आता कुणीतरी तिला खाली बसवेल. तेवढ्यात वरून एक आवाज आला, "हे असलं घालून गेली होतीस?"

"बाह्या तरी आहेत का बघा," दुसरा आवाज.

सगुणाने दोन्ही हातांनी स्वतःचे उघडे दंड झाकून घेतले. तिची आई गोदा धावत खाली आली. तिने आपला पदर मुलीच्या खांद्यांवर टाकला आणि मान खाली घालून तिला वर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर सोसायटीची सभा भरली. अण्णांनी उत्तराला खडू दिला.

"लिही बाळ. सोसायटीतील मुलींनी सभ्य पोशाख करावा आणि दिवेलागणीनंतर एकटीने बाहेर जाऊ नये."

उत्तराने मोठ्या अक्षरात 'सूचना' लिहिले आणि ती थांबली.

"अण्णा, त्या माणसासाठी काहीच सूचना नाही?"

"तो काय इथे वाचायला येणार आहे? मी सांगून सांगून कुणाला सांगणार? आपल्याच मुलींना ना? काळजीपोटीच सांगतोय मी."

अण्णांचा आवाज खरोखरच काळजीचा होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मित्रांनो, फळ्याला नको म्हणता येत नाही. ते शब्द माझ्यावर उमटले असते आणि सगुणाला रोज त्यांच्यासमोरूनच जावे लागले असते.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या हौसाबाई पुढे आल्या. साताऱ्याकडच्या, वयाने साठीच्या, नेहमी नऊवारीत.

"अण्णा, मी बोलू का? मी लग्न होऊन नवी नवी कल्याणला आलेली. भर बाजारात एका मेल्यानं मला असंच धरलं होतं. अंगावर हे असंच लुगडं होतं, डोक्यावर पदर होता. मग तवा माझा कोणता सभ्य कपडा घालायचा राहिला होता, ते सांगा."

मग एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "ते जुनं झालं, मावशी. आत्ताचा विषय वेगळा आहे."

उत्तराने खडू पुन्हा टेकवला. तिने तो माझ्या लाकडावर जोरात दाबला. खडू कट्कन तुटला.

"मला नाही जमणार, अण्णा," ती म्हणाली. अण्णा दुखावले. ते वर गेले आणि सभा मोडली.

त्यानंतर उत्तरा बराच वेळ माझ्यासमोर एकटी उभी होती. अर्धे मनात, अर्धे ओठांवर, असे ती बोलत होती. "मी सातवीत होते. शाळेचा गणवेश होता, वेण्यांना रिबिनी होत्या. टिटवाळ्याला देवळाच्या रांगेत मागच्या माणसानं... आणि मी घरी येऊन तो गणवेश तीन वेळा धुतला. आईला वाटलं, शाई सांडली. मी गणवेश का धुतला? कापड कसं असभ्य होईल? ते नुसतं अंगावर असतं." मग तिने डोळे पुसले आणि सरळ, ठळक अक्षरात लिहिले:

'काल आपल्या गल्लीत एका माणसाने आपल्या इमारतीतील मुलीवर हात टाकला. चूक त्या माणसाची आहे.'

मला केवढे बरे वाटले! पण ते फार टिकले नाही. लोक यायचे, वाचायचे आणि मान वर करून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघायचे. दुसऱ्या सकाळी कुणीतरी मला ओल्या कापडाने पुसून टाकले. उत्तराने पुन्हा लिहिले. ते पुन्हा पुसले गेले. तिला वाटले, हे अण्णांचेच काम. मला खरे काय ते माहीत होते, पण सांगणार कसे?

तिसऱ्या दिवशी पाणी यायच्या वेळेला उत्तरा मुद्दाम लवकर खाली आली. पदराचे ओले टोक घेऊन मला पुसत होती ती गोदा. सगुणाची आई.

"काकू, तुम्ही?"

गोदाचा हात तसाच राहिला. "तू लिहितेस ते खरं आहे गं. पण लोक वाचतात आणि माझ्या घराकडे बघतात. उद्या तिचं लग्न ठरवायचंय मला. तो माणूस कुठे राहतो ते कुणाला माहीत नाही, आम्ही कुठे राहतो ते सगळ्यांना माहीत आहे."

"पण सगुणा काय म्हणते?"

"ती बोलतच नाही माझ्याशी. तो ड्रेस मी बोहारणीला देऊन टाकला. एक स्टीलचं पातेलं आलं. त्या पातेल्यातलं जेवत नाही पोरगी." बोलता बोलता गोदा पायरीवर बसली आणि रडू लागली.

उत्तराचा चेहरा उतरला. सगुणाच्या बाजूने ती दोन दिवस लिहीत होती, पण सगुणाला तिने काहीच विचारले नव्हते. ती गोदाचा हात धरून वर गेली. तिथे काय बोलणे झाले, ते मला ऐकू आले नाही. मी नुसता वाट बघत राहिलो.

दुपारी त्या तिघी खाली आल्या. सगुणाचे डोळे सुजले होते. "मीच लिहिते," ती म्हणाली. तिचे अक्षर वेडेवाकडे होते आणि ओळ उतरती गेली.

'मी सगुणा. उद्यापासून मी परत शिवणाच्या क्लासला जाणार आहे. कुणी सोबत येणार असेल तर सहा वाजता फाटकाशी या.'

गोदा तोंडावर हात ठेवून वाचत होती. तिचा पदर दोनदा वर उचलला गेला. पण तिने पुसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीच्या लोकांनी काय करावे? सभ्य पोशाखाची तीच सूचना टाइप करून आणली आणि खळ लावून माझ्या खालच्या कोपऱ्यात चिकटवली. म्हणजे वर सगुणाचे अक्षर आणि खाली ती सूचना, दोन्ही माझ्याच अंगावर! लोक कोणते खरे मानतील, या विचाराने दिवसभर मला चैन नव्हते.

सहा वाजता सगुणा उतरली. फाटकाशी उत्तरा होती. हौसाबाई बॅटरी घेऊन उभ्या होत्या. आणखी कुणी नव्हते. मग वर कुलूप लावल्याचा आवाज आला आणि गोदा भराभर खाली आली. चौघी गल्लीत वळल्या आणि मला दिसेनाशा झाल्या.

अंधार पडला. दिवा अजून बंदच होता. प्रत्येक पावलाला मला वाटायचे, कुणी धावत तर येत नाही ना? अण्णा खुर्ची घेऊन फाटकाशी येऊन बसले. त्यांनी वर्तमानपत्र उघडले होते, पण उजेड नव्हता, तेव्हा ते वाचत नव्हते हे नक्की.

अखेर गल्लीतून हौसाबाईंचा मोठा आवाज आला आणि पाठोपाठ हसू. अण्णा पटकन उठले.

"आल्या का सगळ्या?"

"आलो, अण्णा. आणि ऐका, गोदानं पण क्लासला नाव घातलं. बाहेर बसून कंटाळली म्हणे!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी फाटक मात्र पूर्ण उघडून धरले. कमिटीचा तो कागद त्यांनी काढला नाही. पुढे कधीतरी तो आपोआप गळून पडला. ज्या कोपऱ्याला त्याची खळ होती, त्यालाच पुढे वाळवी लागली. नंतर काचेच्या दाराचा नवा बोर्ड आला आणि मला गच्चीवर आणून ठेवले.

मित्रांनो, मला रंग द्या, मला सांभाळा, असे मी म्हणणार नाही. पोखरलेले लाकूड किती दिवस टिकणार? पण कधी कुणी मुलगी धापा टाकत तुमच्या जिन्याशी आली, तर तिच्या कपड्यांकडे बघत उभे राहू नका. तिला खाली बसवा. पाणी द्या. बाकीचे ती सांगेल, तिला सांगावेसे वाटेल तेव्हा.