साध्या वेशातला पट्टा

भरदुपारी नवरा घरी आला तेव्हा त्याचा एक हात पँटच्या कंबरेवर होता. तिच्या ते दारातच लक्षात आलं. मूल झाल्यापासून तिचे डोळे असेच झाले होते. झोपलेल्या लेकीची छाती वरखाली होतेय ना, हे दहादा उठून बघणारी बाई ती. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"पट्टा कुठंय?"

"बक्कल तुटलं. टाकून दिला."

एवढं बोलून तो न्हाणीघरात शिरला आणि नुसतं पाणी सोडून बसला. लेक रडून लालबुंद झाली तरी बाहेर आला नाही. एरवी तिनं तोंड वाकडं केलं तरी धावणारा माणूस.

तो पट्टा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. नवरा साध्या वेशातल्या पोलिसांच्या पथकात, त्यामुळे पट्टा सरकारी नाही, घरचा. लेक तान्ही असताना जागरणांनी तो इतका वाळला की पँट कंबरेवर ठरेना. तेव्हा तिनंच दाभण गॅसवर लाल करून पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडलं. हात नवखा, दाभण घसरलं आणि भोक रांगेच्या जरा वर गेलं. पथकाला तेवढंच हवं होतं. "वहिनींनी लगाम आवळला रे!" म्हणून त्याची यथेच्छ टर उडवून झाली.

संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं, चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका टेम्पोवाल्यानं कोठडीत स्वतःच्या पट्ट्यानं गळफास घेतला.

दुधाची बाटली तिच्या हातात तशीच राहिली. लग्न नवं असताना नवरा जेवताना पथकाच्या गमती सांगायचा. "आत घालायच्या आधी माणसाचा पट्टा काढून घ्यायचा, मग बुटाची नाडी, आणि शेवटी मस्ती," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरी गंमत तिला तेव्हाही रुचली नव्हती. संशयिताची बायको 'हे तर घरीच होते' म्हणून छातीठोक सांगायला लागली, की पथकवाले म्हणायचे, ठेव पोराच्या डोक्यावर हात आणि बोल. "हात टेकला तर खरं. वरच्यावर थरथरला, की गडी आपला! अजून एकदाही चुकलेलं नाही."

मग त्या माणसाकडं पट्टा आला कुठून?

"काय केलंस तू?" तिनं विचारलं.

"मी फक्त पट्टा दिला." तो भिंतीकडं बघून बोलत होता. "तो आधीच गेला होता गं. एक फटका वर्मी बसला. साहेब म्हणाले, लटकवायला काहीतरी बघा. त्याचा पट्टा कपाटात, किल्ली सापडेना. मग मी कमरेचा काढून दिला."

"फटका कुणाचा?"

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

तेवढ्यात बेल वाजली. पथकाचे साहेब आले होते, लेकीसाठी दाबला की ओरडणारा रबरी ससा घेऊन. ससा लेकीच्या हातात आणि नवाकोरा पट्टा टेबलावर ठेवला.

"वहिनी, चौकशीला बाहेरच्या बाई नेमल्यात. सकाळी येतील. फासाच्या पट्ट्याला जास्तीचं भोक आहे, आणि आमच्यातल्याच कुणीतरी तुमच्या लगामाची गोष्ट त्यांच्या कानावर घातलीय. याच्याकडं तसलाच पट्टा निघाला, की विषय संपला. भोक तेवढं पाडून द्या."

"माणूस मेलाय, साहेब."

"तो काय परत येणार आहे? हा आत गेला तर तुम्ही या पोरीला घेऊन कुणाच्या दारात उभ्या राहणार, ते बोला."

ती लेकीकडं बघत राहिली. मग उठली आणि गॅस पेटवला. या वेळी दाभण घसरलं नाही. म्हणून तिनं मुद्दाम जरा वर टोचलं. जळक्या चामड्याचा वास स्वयंपाकघरभर झाला.

"शाबास," साहेब म्हणाले. "आता तुम्ही आमच्यातल्याच."

साबणानं कितीदा हात धुतले, पण लेकीला भरवताना तो वास येतच राहिला.

सकाळी चौकशीवाल्या बाई आल्या. चष्मा केसांवर चढवलेला, आवाज थकलेला. साहेब आधीच येऊन खिडकीपाशी उभे होते. बाईंनी पट्टा हातात घेतला, भोकात करंगळी फिरवली आणि उजेडात धरली. करंगळीचं टोक काळं झालं होतं.

"भोक कुणी पाडलं?"

"मी."

"कधी?"

"ही तान्ही होती तेव्हा. झाले की चार-पाच महिने."

"आणि काजळी अजून निघतेय?"

नवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. तो पुढं सरसावला आणि ठाण्यात बोलायचा त्याच दणक्यात म्हणाला, "बाई, ही खोटं बोलायची नाही. ए, ठेव पोरीच्या डोक्यावर हात आणि बोल!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याला मात्र आपण काय बोलून बसलो ते अजून कळलं नव्हतं.

तिनं हात उचलला. मांडीवर लेक सशाचा कान चावत होती. विरळ जावळाखाली तिची टाळू उडत होती, अजून भरायची होती. बोटांना चामड्याचा वास होता. हात टाळूच्या वर येऊन थांबला आणि थरथरायला लागला. ती तो दाबायला बघत होती, हात खाली जाईना. आता नवऱ्याचाही चेहरा उतरला.

"टेकव ना," तो कुजबुजला. "टेकव गं."

तिनं हात मागं घेऊन ओढणीला पुसला.

"काल संध्याकाळी पाडलं," ती बाईंना म्हणाली. "ह्यांचा पट्टा तुमच्याकडं आहे. त्याचं भोक रांगेच्या जरा वर असेल बघा. माझं दाभण घसरलं होतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि खुर्ची पुढं घेतली. "बसून सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले.

लेकीनं ससा टाकला आणि रोजच्यासारखे बापाकडं हात पसरले. त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले.